काकांचा प्लॉट आणि तुमचा बी-ग्रेड सिनेमा

राजेहो, नागपुरातला वर्धा रोडवरचा प्लॉट विकला गेला, काकांच्या हातात पैसा खुळखुळतोय आणि त्यांनी तुम्हाला दिग्दर्शक करायचं ठरवलंय. अभिनंदन! एकच पथ्य पाळा: आपण बी-ग्रेड सिनेमा काढतोय हे स्वतःलाही कळू देऊ नका. बर्डीवरच्या बॅनरवर 'भव्य' लिहा. कळलं की माणूस मुद्दाम वाईट काम करायला लागतो, आणि मुद्दाम केलेला वाईटपणा फुकटातही कोणी बघत नाही.

कोणी शहाणा म्हणेल, बी म्हणजे दुय्यम दर्जा. त्याला तर्री-पोहे खाऊ घाला आणि गप्प बसवा. १९३० च्या दशकातल्या मंदीत अमेरिकेतली थिएटरं एका तिकिटात दोन सिनेमे दाखवू लागली. वरच्या सिनेमाला गल्ल्यात टक्का, खालच्या 'बी'ला ठरलेलं भाडं. सिनेमा सोन्याचा निघाला तरी भाडं तेवढंच! मग निर्माता दुसरं काय करणार? तासाभराची लांबी, दुसऱ्या कोणाचा उरलेला सेट, आणि गुंडाळा लवकर. म्हणजे हे अक्षर समीक्षकाचं नव्हेच, मुनीमजीचं. पुढे जोडीचे खेळ बंद पडले, अक्षर तेवढं शिवी म्हणून उरलं.

वेळेची चिंता नको. स्वस्तात सिनेमे काढणाऱ्या अमेरिकेच्या रॉजर कॉर्मनने १९६० सालच्या एका सिनेमाचं मुख्य शूटिंग दोन दिवसांत उरकलं होतं. आपल्याकडे दोन दिवस मुहूर्ताचा नारळ कोणी फोडायचा यातच जातात, पण ते असो.

माणसं घरचीच घ्या. हिंदीत भुताचे सिनेमे काढणारे रामसे बंधू सात होते. एक लिहायचा, एक कॅमेरा धरायचा, एक आवाज बघायचा, दोघं दिग्दर्शन करायचे. घरच्यांना मानधन लागत नाही, रुसवे तेवढे काढावे लागतात. हिरो अर्थातच काकांचा मुलगा. त्याला अभिनय येत नाही हे मला माहीत आहे. काकांना सांगायची तुमची छाती आहे का?

शूटिंग मे महिन्यातच ठेवा, हिंगण्यापलीकडच्या कोणाच्या तरी फार्महाऊसवर. पारा ४५ वर गेला की चेटकिणीची चिकटवलेली भुवई आपोआप गालावर उतरते. एवढा भयानक मेकअप मुंबईत लाखभर रुपये देऊनही होत नाही. रक्तासाठी रंग विकत आणू नका. सावजीची तर्री आणा. काळपट लाल, वर तेलाचा तवंग, कॅमेऱ्यात अगदी साकळलेलं रक्त वाटतं. हिरोच्या डोळ्यात थेंबभर गेली तर त्याच्या आयुष्यातला पहिला खरा अभिनय तुम्हाला मिळेल, तेव्हा कॅमेरा चालूच ठेवा. तो मेल्यावर फार्महाऊसचं कुत्रं येऊन त्याची छाती चाटेल. मयत गुदगुल्यांनी खुदकेल. तरीही कट म्हणू नका. रिटेक घ्यायचा तर नवी तर्री लागते, आणि उरलेली युनिटने भाकरीबरोबर केव्हाच संपवलेली असते.

डबिंगला कूलर बंद केला तर माणसं घेरी येऊन पडतात, चालू ठेवला तर प्रत्येक संवादामागे घरघर येते. चालूच ठेवा. हवेलीत वारा घोंगावतोय असं वाटेल. तो बागेतल्या प्रेमगीतातही घोंगावेल; तिथे काय समजायचं ते प्रेक्षकांवर सोडा.

पहिल्या खेळाला सगळे नातेवाईक पासवर येतील. पोस्टरवर पैसे उधळले असतील तर मागच्या रांगेत तिकीट काढून आलेली दहा-बारा पोरंही असतील. कुत्रं पडद्यावर आलं की ती पोरं खुर्च्यांवर उभी राहून शिट्ट्या मारतील. काका मान वळवून विचारतील, "काऊन हासून राह्यले बे हे?"

डोळ्याला डोळा भिडवून सांगा, "भेले ना काका, म्हणून."