सही कशावर करायची?

मराठी पुस्तकाच्या प्रकाशन समारंभाची निमंत्रणपत्रिका हातात घ्या आणि मिनिटं मोजा. वेळ संध्याकाळी 6 ची, सुरुवात सव्वासहाला. दीपप्रज्वलन, पाहुण्यांचा परिचय, शाल-श्रीफळ यात 35 मिनिटं. प्रकाशकांचं मनोगत 10, दोन वक्ते प्रत्येकी 20, अध्यक्षीय भाषण 25. एवढ्यात 8 वाजून 5 मिनिटं होतात. साडेआठला हॉल रिकामा करून द्यायचा असतो. उरलेल्या वेळात लेखकाचं मनोगत, आभार आणि चहा. ज्याच्यासाठी पुस्तक लिहिलं तो वाचक या अडीच तासांत तोंडातून एक शब्दही न काढता घरी जातो.

प्रकाशन समारंभ जरूर करावा. लेखकाच्या घरच्यांचा आणि प्रकाशकाचा तो आनंदाचा दिवस असतो. पण त्यालाच लेखक-वाचक भेट म्हणणं मला पटत नाही, कारण चमकी कागदाची फीत सुटेपर्यंत हॉलमधल्या कोणीच ते पुस्तक वाचलेलं नसतं. मग प्रश्नोत्तरं ठेवली तरी गाडी ‘प्रेरणा कुठून मिळाली’ याच्या पुढे सरकत नाही. वाचकांची भेट वेगळी ठेवा आणि प्रकाशनानंतर 6 ते 8 आठवड्यांनी ठेवा. तोवर पुस्तक दुकानात पोचलेलं असतं, घरपोच मागवणाऱ्यांना मिळालेलं असतं, एका घरातून दुसऱ्या घरात गेलेलं असतं. ई-बुक निघालं असेल तर तेही वाचून झालेलं असतं. ऑडिओ आवृत्ती बहुधा उशिरा येते. ती येणार असेल तर भेट आणखी महिनाभर पुढे ढकलली तरी चालेल.

इथेच आपल्या आयोजकांची एक जुनी समजूत आड येते. वाचक म्हणजे टेबलावरून छापील प्रत विकत घेणारा माणूस, असं धरून सगळी मांडणी होते. प्रत्यक्षात त्याच खुर्च्यांवर चार-पाच तऱ्हांनी वाचणारी माणसं बसलेली असतात, आणि प्रत्येकाची तऱ्हा त्याच्या रोजच्या गरजेतून आलेली असते.

छापील पुस्तकातही एकच आवड नाही. पेपरबॅक स्वस्त आणि हलकं, पण गम बाइंडिंग, म्हणजे पानं डिंकाने चिकटवलेली बांधणी, असेल तर ते पूर्ण उघडून ठेवता येत नाही. जोर लावला की कण्याचा डिंक तडकतो आणि मधली काही पानं सुटतात. पाककृतीचं पुस्तक ओट्यावर उघडं राहायला हवं, संदर्भग्रंथ टेबलावर. तिथे शिलाईची पुठ्ठा बांधणी मागणारा वाचक हौशी नसतो, त्याला ते वापरायचं असतं. ग्रंथालयं तर वर्ष-दोन वर्षांत पेपरबॅकची पुन्हा बांधणी करून घेतात, आणि कापताना आतला समास इतका जातो की ओळीचं टोक कण्यात शिरतं. प्रकाशकाने आतला समास थोडा जास्त ठेवला तर हे टळतं.

वजनाचा हिशोबही करून बघण्यासारखा आहे. डेमी आकार, म्हणजे साडेपाच बाय साडेआठ इंच, 300 पानं, 70 जीएसएम (चौरस मीटरला 70 ग्रॅम) कागद. आत 150 कागद, म्हणजे सव्वातीनशे ग्रॅमच्या आसपास, आणि वर कव्हर. अशी दहा पुस्तकं साडेतीन किलो होतात. सुट्टी संपवून दुबईला किंवा सॅन होजेला परत निघालेल्या माणसाच्या 23 किलोंच्या बॅगेत लोणचं, भाजणी, मुलांचे कपडे आणि त्यात हे. टपालाने मागवलं तर खर्च पुस्तकाच्या किमतीवर जातो. तिथला मराठी वाचक ई-बुककडे वळला तो या हिशोबाने. ॲमेझॉनच्या किंडलवर मराठी पुस्तकं अधिकृतपणे आली ती 2016 च्या डिसेंबरात, आणि ज्याला घराजवळ मराठी पुस्तकांचं दुकान नाही त्याचा मोठाच प्रश्न त्याने सुटला. (नाशिकच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ या उपक्रमाने 25-25 पुस्तकांच्या पेट्या परदेशातल्या मराठी घरांपर्यंत पोचवल्या, तो याच अडचणीवरचा छापील उपाय आहे आणि मला फार मोलाचा वाटतो.)

ई-बुकचा दुसरा वाचक आपल्याच घरात असतो, पंचावन्न-साठी ओलांडलेला. अक्षर मोठं करता येतं एवढ्या एका सोयीसाठी तो छापील पुस्तक बाजूला ठेवतो. पण मराठी ई-बुक फसतं ते बहुतेक वेळा फाइल बनवताना. पुस्तकाची अक्षरजुळणी अजूनही अनेक ठिकाणी युनिकोड (सगळ्या यंत्रांवर सारखी चालणारी अक्षरपद्धत) नसलेल्या फाँटमध्ये होते. त्याचं रूपांतर करताना ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’, ‘कुऱ्हाड’ यांतला अर्धा र बिघडतो. कुठे तो रफार होऊन पुढच्या अक्षरावर चढतो, कुठे त्याचा पाय मोडून हलन्त उरतो. फाइलमध्ये भाषेची नोंद ‘हिंदी’ अशी राहिली तर आपला पाकळीचा ल आणि देठाचा श जाऊन हिंदी वळणाची अक्षरं दिसतात. वाचकाला नेमकं काय चुकलंय ते सांगता येत नाही, पण वाचताना सारखं खटकत राहतं. आणि सरळ पीडीएफ चढवली तर सहा इंची पडद्यावर पान एवढंसं होतं. अक्षर मोठं केलं की प्रत्येक ओळ डावी-उजवीकडे सरकवून वाचावी लागते. असं पुस्तक एकदा पदरात पडलं की तो माणूस ‘मराठी ई-बुक नको’ म्हणतो, आणि त्यात त्याची चूक नाही. रूपांतर झाल्यावर फाइलमध्ये ‘र्य’, ‘र्ह’ ही बिघडलेली रूपं आणि सुटा ‘र्’ शोधून प्रत्येक जागा डोळ्यांनी तपासायची. दोनशे पानांच्या पुस्तकाला एक दुपार पुरते.

कवितेचा वाचक मात्र छापील पानच मागतो आणि त्याचं बरोबर आहे. अक्षर मोठं केलं की ओळ मध्येच तुटून खाली येते, मग कवीने तोडलेली ओळ कोणती आणि यंत्राने तोडलेली कोणती हे कळायला मार्ग राहत नाही.

ऑडिओबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण त्याला ‘खरं वाचन’ न मानणारे अजून भेटतात. स्टोरीटेल हे ऑडिओ पुस्तकांचं ॲप 2017 मध्ये भारतात आलं तेव्हापासून मराठी ऐकणारा मोठा वाचकवर्ग तयार झाला आहे. 200 पानं, पानाला साधारण 250 शब्द, म्हणजे 50 हजार शब्द. मिनिटाला 130 शब्दांच्या गतीने हे साडेसहा तासांत ऐकून होतं. रोज पाऊण तास पोळ्या-भाजी करताना किंवा लोकलमध्ये उभ्याने ऐकणारी बाई नऊ दिवसांत कादंबरी संपवते. तिच्या दिवसात पुस्तक धरायला दोन हात मोकळे नसतात, एवढंच. आणि बोलीतल्या कादंबरीला तर कानाने वाचण्याचा मोठा फायदा आहे. मालवणी, वऱ्हाडी किंवा अहिराणी संवाद कागदावर अडखळत वाचावे लागतात. निवेदकाला त्या बोलीचा हेल येत असेल तर तेच संवाद पहिल्या मिनिटात उलगडतात. हेल येत नसेल तर मात्र सगळं पुस्तक नाटकी होतं, म्हणून बोलीतल्या पुस्तकाचा निवेदक निवडताना लेखकाने दहा मिनिटांचा नमुना आग्रहाने ऐकावा. ऑडिओच्या अडचणीही आहेत. पात्रं वीसच्या वर गेली की नावं घोटाळतात, आणि मागचा तपशील पुन्हा पाहायचा तर नेमकी जागा सापडत नाही.

आता हे सगळे वाचक एका हॉलमध्ये आणा. सूत्रसंचालक म्हणतो, ‘पान 112 उघडा’. ई-बुकवाल्याचा पान क्रमांक अक्षराच्या आकाराप्रमाणे बदलतो, ऑडिओवालीला पानच नाही. म्हणून भेटीत उतारा सांगायचा तो प्रकरणाच्या क्रमांकाने आणि प्रसंगाने: ‘सातवं प्रकरण, विहिरीपाशी दोघं बोलतात तिथे’. एवढ्या बदलाने अर्धा हॉल पुन्हा चर्चेत येतो.

लेखकाने वाचून दाखवायचा भाग 8 मिनिटांचा असावा, साधारण हजार शब्द, म्हणजे चार पानं. पुस्तकातून वाचू नये. एका हातात माइक, एका हातात पुस्तक, पान उलटायचं कसं? उतारा 16 पॉइंटात, कागदाच्या एकाच बाजूला छापून घ्यावा आणि माइकला स्टँड लावावा. कागद पिन न मारता सुटे ठेवावेत, नाहीतर उलटताना खडखड माइकमध्ये ऐकू येते. त्या पुस्तकाची ऑडिओ आवृत्ती असेल तर तोच उतारा निवेदकाच्या आवाजात दोन मिनिटं ऐकवावा. लेखकाचा हेल आणि निवेदकाचा हेल यांत जो फरक पडतो, त्यावरच चांगली चर्चा सुरू होते.

प्रश्नांसाठी फिरता माइक हवाच, पण तो स्वयंसेवकाने स्वतः धरावा, विचारणाऱ्याच्या हातात देऊ नये. दारातच चिठ्ठ्या आणि पेन्सिली ठेवा. उभं राहून बोलायला संकोचणारे, विशेषतः शाळकरी मुलं आणि आज्या, चिठ्ठीवर फार नेमकं विचारतात. खुर्च्या 60 लागतील असं वाटलं तर 40 मांडाव्यात आणि 20 कडेला थप्पी लावून ठेवाव्यात. मागे रिकाम्या रांगा दिसल्या की लोक मागेच बसतात आणि बोलणं बंद होतं.

परदेशातल्या वाचकांसाठी तीच भेट ऑनलाइन ठेवायची तर शनिवारी रात्री साडेआठ ही वेळ सोयीची पडते. दुबईत 7 वाजलेले असतात, लंडनला उन्हाळ्यात दुपारचे 4, न्यूयॉर्कला सकाळचे 11, कॅलिफोर्नियात सकाळचे 8. हिवाळ्यात लंडन-अमेरिकेची वेळ एक तास आधीची होते, हे पत्रिकेत लिहायला विसरू नका. सिडनीत मात्र तेव्हा रात्रीचा 1 किंवा 2 वाजलेला असतो. त्यांच्यासाठी रविवारी दुपारी वेगळा तास द्यावा.

आणि मग सही. नाव विचारणं, लिहिणं, दोन शब्द, फोटो असं धरलं तर माणशी दीड मिनिट जातं. 60 जणांची रांग दीड तास चालते आणि शेवटचे वीसजण निघून जातात. रांगेत उभं असतानाच स्वयंसेवकाने प्रत्येकाचं नाव चिठ्ठीवर लिहून ती सहीच्या पानात खोचून ठेवावी, मग पाऊण मिनिटात काम होतं. नाव विचारूनच लिहायचं: स्वप्निल की स्वप्नील, शीतल की शितल. सौ. लावायचं की नाही हेही त्या बाईंनाच विचारायचं. स्वतःचं नाव चुकलेलं पान माणूस कायम जपतो आणि दर वेळी त्याला ते बोचतं. सही अर्धशीर्षकाच्या, म्हणजे सुरुवातीच्या फक्त पुस्तकाचं नाव असलेल्या पानावर, बॉलपेनने. कव्हरच्या आतल्या गुळगुळीत बाजूवर जेलची शाई सुकत नाही, पुस्तक मिटलं की समोर छाप उठते.

ज्यांच्याकडे छापील प्रत नाही ते या रांगेत उभेच राहत नाहीत. किंडलवर वाचलेला, कानाने वाचलेली, आणि या दोघांहून किती तरी जास्त संख्येने असलेला ग्रंथालयाचा वाचक. त्याच्या हातातल्या पुस्तकावर वाचनालयाचा शिक्का असतो, त्यावर सही घेणं त्याला प्रशस्त वाटत नाही. तालुक्याच्या गावात तर लेखकाला भेटायला येणारा बहुतेक हाच असतो. त्याने पुस्तक मन लावून वाचलेलं असतं आणि तो मागे भिंतीपाशी उभा असतो. या सगळ्यांसाठी पुस्तकात घालायची खूणपट्टी करा. 300 जीएसएम कार्ड, 2 बाय साडेपाच इंच. 12 बाय 18 इंची एका शीटमध्ये 15 बसतात, 7 शीटमध्ये 105 होतात. एका बाजूला मुखपृष्ठ, दुसरी बाजू कोरी आणि लॅमिनेशनशिवाय, म्हणजे शाई धरते. ही पट्टी विकत घेणाऱ्यांबरोबर याच वाचकांनाही द्यायची, फुकट, आणि सहीची रांग सगळ्यांची एकच ठेवायची.

डोळ्यांनी वाचू न शकणाऱ्या वाचकासाठी यापेक्षा जास्त करता येतं. 2012 च्या दुरुस्तीनंतर आपला कॉपीराइट कायदा अपंग वाचकांसाठी पुस्तकाची सुलभ प्रत करायला मुभा देतो, आणि 2016 पासून ‘सुगम्य पुस्तकालय’ अशा प्रती ऑनलाइन पोचवतं. प्रकाशकाने तपासलेली युनिकोड फाइल दिली तर ब्रेल किंवा यंत्राने वाचून दाखवायची प्रत तयार करणाऱ्यांचं स्कॅन आणि मुद्रितशोधनाचं किती तरी दिवसांचं काम वाचतं. लेखकाने करार करतानाच ही फाइल देण्याचं कलम घालून घ्यावं.

पत्रिकेवर पाहुण्यांची नावं थोडी लहान अक्षरात घेतली तर खाली तीन ओळींना जागा होते. पहिलीत छापील पुस्तकाची किंमत आणि ते गावात कुठल्या दुकानात मिळेल ते. दुसरीत ई-बुक आणि ऑडिओ कुठे आहे ते. तिसरीत ‘ग्रंथालयातून आणून वाचलं असेल तरी या, पुस्तक विकत घेतलेलं असायला हवं असं नाही’.