व्हायवा आहे? आधी मसालेभाताचं बघा

पीएच.डी.चा प्रबंध जमा केलात? अभिनंदन. आता उरली तोंडी परीक्षा, म्हणजे व्हायवा. जमा केल्यापासून सहा महिन्यांत सगळी प्रक्रिया उरकावी, असं विद्यापीठ अनुदान आयोगाचे (यूजीसी) 2022 चे नियम सांगतात. त्या पानाची प्रिंट काढून देवघरात ठेवा. परीक्षा विभागात मात्र नेऊ नका. तिथे नियम दाखवला की फाइल गठ्ठ्यात पुन्हा तळाला जाते.

साहित्यचोरीच्या तपासणीचं टेन्शन घेऊ नका. साम्य 10 टक्क्यांपर्यंत असेल तर यूजीसीच्याच 2018 च्या नियमांत शिक्षा नाही. आणि प्रबंध मराठीत असेल, डीटीपीवाल्यानं जुन्या श्रीलिपी फॉन्टमध्ये बसवला असेल, तर सोन्याहून पिवळं! सॉफ्टवेअरला त्यात मराठी दिसतच नाही, नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. तुमच्याइतकं स्वतंत्र संशोधन जगात कुणी केलं नसेल.

आता तयारी. प्रबंध पुन्हा वाचायच्या फंदात पडू नका. पाच वर्षांपूर्वी लिहिलेलं आपलंच दुसरं प्रकरण वाचून भल्याभल्यांचा धीर सुटतो. त्यापेक्षा परीक्षक म्हणून येणारे बाहेरचे सर चहा साखरेचा घेतात की बिनसाखरेचा, गेस्ट हाऊसचा गीझर चालतो का, हे बघा. माझ्या ओळखीच्या एकीनं गृहीतकं तोंडपाठ केली होती, आणि सरांनी सकाळी गार पाण्यानं अंघोळ केली होती. पुढचे दोन तास ती अजून विसरलेली नाही.

वेळ 12 ची ठेवा. 11 ला माणूस ताजा असतो, खोदत बसतो. जेवल्यावर ठेवाल तर झोपेतून दचकून जागा होतो आणि ‘व्याप्ती आणि मर्यादा’वरच घसरतो. 12 ला मात्र पोटात कावळे ओरडत असतात. शेजारच्या खोलीत मसालेभाताचं झाकण जरासं किलकिलं ठेवा. ‘तुमच्या संशोधनाचं नावीन्य काय?’ हा प्रश्न अर्ध्यावर ‘बरं, असू द्या’वर येतो.

सर्वांत महत्त्वाचं: पहिल्या 20 पानांत ऱ्हस्व-दीर्घाच्या पाच-सहा चुका मुद्दाम ठेवा. परीक्षकालाही काहीतरी सापडायला हवं ना! ‘स्त्रीयांचे’ दिसलं की त्यांचा चेहरा खुलतो. तुम्ही मान खाली घालून लिहून घ्या. ‘खूप मोलाची सूचना, सर’ हे आरशासमोर दहादा म्हणून बघा. दातओठ दिसता कामा नयेत.

मौखिकी खुली असते, त्यामुळे श्रोतेही लागतात. ज्युनिअर पोरांना बोलवा आणि एकाला सोपा प्रश्न देऊन ठेवा. हुशार पोराला देऊ नका. तो उत्तरावर उपप्रश्न विचारतो.

उत्तर येत नसेल तर गाईडकडे बघू नका, ते मोबाइलमध्ये असतात. ‘ही पुढील संशोधनाची दिशा ठरू शकेल’ म्हणा आणि पाणी प्या.

मग शाल, श्रीफळ, पेढे, फोटो. पदवीचं नोटिफिकेशन निघेल तेव्हा निघेल, दारावरच्या पाटीचं माप आजच देऊन या.

सर गाडीत बसले की एकदा गेस्ट हाऊसवर चक्कर मारा. टेबलावर तुमचा प्रबंध राहिलेला असेल. पान 20 पर्यंत पेन्सिलीच्या खुणा, 21 वर चहाच्या कपाचं गोल वर्तुळ. त्यापुढची पानं अजून एकमेकांना चिकटलेली. गाडीमागे धावू नका. वर्तुळ पुसा, सहावी प्रत ग्रंथालयाला हवीच आहे.