शाल नको, मंगळवार द्या

19 जानेवारी 2025. रविवार होता. दिल्लीत खो-खोच्या पहिल्या विश्वचषकाच्या फायनल होत्या. आधी आपल्या मुलींनी नेपाळला 78-40 ने हरवलं, मग मुलांनी 54-36 ने. दोन्ही संघांचे कर्णधार महाराष्ट्राचे, प्रियंका इंगळे आणि प्रतीक वाईकर. आमच्या जुन्या खेळाडूंच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मध्यरात्रीपर्यंत कुणी झोपलं नाही. ज्यांनी आम्हाला हा खेळ शिकवला त्या दादांना मी फोन लावला. पलीकडून थोडा वेळ काही ऐकूच येईना. मग भरल्या गळ्याने म्हणाले, "बघितलंस ना खांबाजवळ मारलेला सूर? उद्या पोरींना दाखवायचाय."

विश्वचषकाच्या रात्रीसुद्धा त्यांच्या डोक्यात दुसऱ्या दिवशीचं ग्राउंड होतं. तेव्हापासून ही पोस्ट मनात घोळत होती, आज लिहिते आहे. त्यांना विचारलं, नाव लिहू का? नको म्हणाले. म्हणून दादाच म्हणते. आम्ही सगळे त्यांना दादाच म्हणतो, आणि आता आमची मुलंही.

सातारा जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावात 1994 साली मी सहावीत असताना पहिल्यांदा त्या ग्राउंडवर गेले. दादा एसटीच्या आगारात मेकॅनिक होते. पहिली पाळी मागून घ्यायचे, म्हणजे चारपर्यंत घरी येता येई. साडेपाचला ग्राउंडवर हजर. हाताला ग्रीसचा वास, खिशात शिट्टी, सायकलच्या कॅरिअरला चुन्याची पिशवी. आधी पाणी मारायचं, मग खडे वेचायचे, मग दोरी धरून फक्की मारायची, म्हणजे चुन्याच्या रेघा ओढायच्या. दोन खांबांमधली मधली पाटी, आडव्या पाट्या, सगळं रोज नव्याने. पोरं तोपर्यंत दोन फेऱ्या पळून येत. एवढं झालं की मग खेळ सुरू.

या कामाला कुणी पगार देत नव्हतं आणि आमच्याकडून कुणी फी घेत नव्हतं. 2021 ला दादा निवृत्त झाले तेव्हा आम्हाला वाटलं, आता जरा विसावतील. त्यांनी सकाळचीही बॅच सुरू केली.

बाहेरच्या माणसाला वाटतं की मैदानावरचा स्वयंसेवक म्हणजे खेळ शिकवणारा. खेळ शिकवणं हा त्यातला सोपा भाग. साखळी कशी करायची, पाठ न फिरवता हुलकावणी कशी द्यायची, बसलेल्याने खो मिळताच कुठल्या पायावर उठायचं, हे वर्षा-दोन वर्षांत मुलं एकमेकांकडूनही उचलतात. बाकीचं काम कुणाला दिसत नाही. स्पर्धेला जायचं तर प्रत्येकाचा जन्मदाखला, शाळेचं बोनाफाईड, आधार, फोटो. वयोगटाचा एक कागद चुकला की पोर बाहेर. मग ज्याच्या घरी कागद नाहीत त्याच्या वडिलांना घेऊन तहसीलला हेलपाटे. दहावी-बारावीच्या क्रीडा गुणांचे प्रस्ताव मुदतीत जातात की नाही ते बघायचं. पुढे सरकारी नोकरीत खेळाडूंचं 5 टक्के आरक्षण आहे, त्यासाठी प्रमाणपत्राची पडताळणी लागते. आमच्यातला एक जण आज पोलिसात आहे. त्याचं 12 वर्षांपूर्वीचं प्रमाणपत्र दादांच्या घरातल्या पत्र्याच्या पेटीत सापडलं, म्हणून आहे. त्याच्या स्वतःच्या घरातलं पुरात भिजून गेलं होतं.

आणि घरोघर जाणं. हे मी मुलगी म्हणून सांगते. सातवीत माझी जिल्ह्याच्या संघात निवड झाली. चार दिवस बाहेरगावी मुक्काम, शाळेच्या वर्गात सतरंज्या टाकून झोपायचं. आमच्या आजीने सरळ नाही म्हणून सांगितलं. दादा तीन वेळा आमच्या घरी आले. तिसऱ्या वेळी एकटे आले नाहीत, वहिनींना, म्हणजे त्यांच्या बायकोला, घेऊन आले. वहिनी आजीला म्हणाल्या, "मी स्वतः जाते पोरींबरोबर. रात्री दाराला आतून कडी लावून मीच दाराशी झोपेन." मग आजी तयार झाली.

त्या मुक्कामात एका मुलीला पहिल्यांदा पाळी आली. रात्री अकरा वाजता, परक्या गावात. वहिनींनी काय केलं ते मला अजून डोळ्यांसमोर दिसतं. आरडाओरडा नाही, कुजबुज नाही. तिला जवळ घेतलं, स्वतःच्या पिशवीतून सगळं काढून दिलं, गरम पाणी आणलं आणि सकाळी विचारलं, "खेळावंसं वाटतंय का? वाटत असेल तर खेळ, नसेल तर नको. दोन्ही चालतंय." ती खेळली. आज ती स्वतः शाळेत क्रीडाशिक्षिका आहे.

वहिनींनी किती वर्षं किती संघांबरोबर असा प्रवास केला याची कुठेही नोंद नाही. संघाच्या यादीत एक रकाना असतो, व्यवस्थापिका. तिथे त्यांचं नाव कधी असायचं, कधी कुणातरी शिक्षिकेचं असायचं आणि जायच्या वहिनीच. गावागावातल्या मुलींच्या संघांमागे अशी एक बाई असते. कुणाची आई, कुणाची काकू, कुणाची मोठी बहीण. सत्काराच्या यादीत ती नसते. मला याचा फार राग येतो, अगदी मनापासून राग येतो.

आता सन्मानाचं बोलते.

आपल्याकडे पुरस्कार नाहीत असं नाही. मार्गदर्शकांसाठी केंद्राचा द्रोणाचार्य पुरस्कार 1985 पासून आहे. 2000 साली तो खो-खोसाठी गोपाळ पुरुषोत्तम फडके यांना मिळाला. राज्याच्या शिवछत्रपती पुरस्कारांमध्येही मार्गदर्शकांचा विचार होतो. या सगळ्यांबद्दल मला पूर्ण आदर आहे. पण तिथे मोजमाप पदकांचं असतं, आणि उच्च पातळीच्या खेळात ते बरोबरही आहे. आमच्या ग्राउंडवरून 30 वर्षांत राज्याला खेळलेले बोटांवर मोजता येतील. बाकीची शेकडो मुलं तालुक्याच्या पुढे गेली नाहीत. दादा त्यांच्यासाठीही रोज साडेपाचला येत होते. घरी दारू पिऊन येणारा बाप होता म्हणून संध्याकाळी घरी थांबायला नको वाटायचं, अशी दोन भावंडं होती. त्यातल्या धाकट्याला खेळ कधी जमलाच नाही. दादांनी त्याच्या हातात गुणपत्रक दिलं. तो आमचा गुणलेखक झाला, आणि काय गुणलेखक! सेकंदाला चुकायचा नाही. या मुलासाठी दादांना कुठल्या निकषात गुण मिळणार?

जिल्हा युवा पुरस्कारही आहे, चांगला आहे. पण त्याला वयाची अट पस्तिशीपर्यंतची. तरुणांचा गौरव व्हायलाच हवा. ज्यांनी तीस-तीस वर्षं त्या तरुणांना घडवलं, ती माणसं मात्र तोवर साठीला आलेली असतात.

दुसरी अडचण अर्जाची. बहुतेक ठिकाणी ज्याला पुरस्कार हवा त्याने स्वतःच प्रस्ताव पाठवायचा. कात्रणं जोडा, फोटो जोडा, शिफारसपत्रं जोडा. चार वर्षांपूर्वी आम्ही दादांच्या मागे लागून एका पुरस्काराचा अर्ज आणला. त्यांनी दोन पानं वाचली आणि बाजूला ठेवला. "मी किती चांगला आहे हे मीच लिहायचं?" असं विचारलं. यात अहंकार नव्हता, त्यांना खरंच लाज वाटली. ज्या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांचे अर्ज भरले, त्याचा अर्ज आपण भरायला हवा होता, हे आम्हाला तेव्हा सुचायला हवं होतं. पद्म पुरस्कारांसाठी आता कुणीही नागरिक दुसऱ्याचं नाव सुचवू शकतो. मग गावातल्या, तालुक्यातल्या, जिल्ह्यातल्या सन्मानांनाही हीच पद्धत का नको? खेळाडू लिहोत, पालक लिहोत. संस्थेने ग्राउंडवर जाऊन बघावं. कात्रणांच्या फाइलपेक्षा साडेपाच ते साडेसात या दोन तासांत जास्त दिसेल.

दादांचा एकदा सत्कार झालाही. कुठे, कुणी केला ते लिहीत नाही. संध्याकाळी पाचचा कार्यक्रम, पाहुणे सव्वासातला आले. दादा अडीच तास खुर्चीत बसून होते आणि माझ्या कानाशी तीनदा म्हणाले, "पोरं वाट बघत असतील गं." शाल, श्रीफळ, स्मृतिचिन्ह. स्मृतिचिन्हावर नाव चुकलेलं, आणि खो-खोऐवजी कबड्डी लिहिलेलं. दोन मिनिटांत खाली उतरवलं. वहिनी शेवटच्या रांगेत बसल्या होत्या, त्यांना कुणी वर बोलावलं नाही. ते स्मृतिचिन्ह दादांनी फेकून दिलं नाही, घरात ठेवलंय. मला ते बघवत नाही.

एक गोष्ट इथे बोलायलाच हवी. सन्मान म्हणजे देव्हाऱ्यात बसवणं असं मी म्हणत नाही. मुलांमध्ये काम करणारा प्रत्येक मोठा माणूस चांगलाच असतो असं नाही, आणि "एवढं निःस्वार्थ काम करतात, त्यांना कसं विचारायचं" या भिडेपोटी कितीतरी ठिकाणी पालक गप्प बसतात. दादांनी हे आम्हाला कधी भाषणातून सांगितलं नाही, वागण्यातून दाखवलं. मुलींचा संघ बाईमाणसाशिवाय गावाबाहेर नेला नाही. एकदा वहिनी आजारी होत्या आणि दुसरी कुणी मिळाली नाही, तर स्पर्धा सोडली. आम्ही रडलो, चिडलो, ते बधले नाहीत. एकट्या मुलाला किंवा मुलीला सायकलवर घरी सोडायचं नाही, नेहमी दोघं-तिघं बरोबर. ग्राउंडच्या कडेला पालकांसाठी एक बाकडं कायम ठेवलेलं, कधीही या, बसा, बघा. तेव्हा त्याचं मोल कळलं नव्हतं. आता माझी मुलगी तिथे जाते, तेव्हा कळतं. उत्कृष्ट स्वयंसेवक निवडायचा तर मी आधी हे विचारीन की मुलांच्या सुरक्षिततेसाठी या माणसाने स्वतःवर कोणती बंधनं घालून घेतली.

29 ऑगस्टला, राष्ट्रीय क्रीडा दिनाला, शाळाशाळांत खेळाडूंचा गौरव होतो. त्या दिवशी शाळांनी आपल्या गावातल्या या माणसांना बोलवावं असं मला फार वाटतं. भाषणासाठी नको. मुलांनी त्यांना प्रश्न विचारावेत, त्यांच्याबरोबर एक डाव खेळावा, त्यांच्याबद्दल लिहून काढावं, ते शाळेच्या वार्षिक अंकात छापावं. व्यवस्थापिका म्हणून कोण कोण गेलं, त्यांचीही नावं त्यात हवीत. आमच्या ग्रुपने हे काम सुरू केलंय. जुने फोटो, संघांच्या याद्या, वहिनींच्या प्रवासांची गावं आणि वर्षं, ज्याला जे आठवेल ते एका वहीत. आतापर्यंत 17 गावं आठवली. वहिनींना दाखवली तर त्यांनी आणखी सहा सांगितली आणि प्रत्येक गावी जेवायला काय होतं तेही सांगितलं.

मग गेल्या दिवाळीत आम्ही सगळे जमलो होतो तेव्हा दादांना थेट विचारलं, तुमच्यासाठी काय करू? मोठा कार्यक्रम करू, गौरवनिधी गोळा करू, ग्राउंडला नाव देऊ. दादा नको नको म्हणत राहिले. वहिनी चहा घेऊन बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "मला सांगायचंय."

आमच्या गावचा बाजार मंगळवारी भरतो, संध्याकाळी. लग्न झाल्यापासून वहिनी एकट्या बाजाराला जातात. दोन पिशव्या भरून चालत येतात, कारण त्या वेळी दादा ग्राउंडवर. आता त्यांचे गुडघे दुखतात. "शाल नको रे बाबांनो," वहिनी म्हणाल्या, "ह्यांना मंगळवारची सुट्टी द्या."

आम्ही 22 जण तिथे होतो, त्यांच्या हाताखाली खेळलेले. चाळिशीतले, पन्नाशीतले. कुणाचं दुकान, कुणाची नोकरी, कुणी शेती करणारं. इतक्या वर्षांत यातल्या एकालाही आठवड्यातली एक संध्याकाळ आपण घ्यावी असं वाटलं नव्हतं. मला धरून. आम्ही हार आणत राहिलो, वाढदिवसाला केक नेत राहिलो, फेसबुकवर फोटो टाकत राहिलो. त्याच बैठकीत सात जणांनी मंगळवार वाटून घेतले. मला महिन्यातला दुसरा मंगळवार मिळाला.

पहिल्यांदा गेले तेव्हा फक्की मारायलाच मला पाऊण तास लागला. पाटी वाकडी झाली. 34 मुलं उभी होती आणि एका लहान मुलीने दोरी ताणून धरून मला दाखवलं, "ताई, दादा असं धरतात." दोन तासांत माझा आवाज बसला. दुसऱ्या दिवशी कंबर धरली. दादा 62 वर्षांचे आहेत आणि हे आठवड्यातले सहा दिवस करतात.

या आठवड्यातला मंगळवार माझा होता. सहाच्या सुमाराला दादांचा फोन आला. मागे बाजाराचा गलका, कुणीतरी मेथीची जुडी दहाला म्हणून ओरडत होतं.

"चुना संपला असेल," दादा म्हणाले. "मागच्या खोलीत पेटीखाली दुसरं पोतं आहे. जड आहे, एकटी उचलू नकोस. आणि ते धाकटे दोघं आलेत का बघ, काल आले नव्हते."

मागून वहिनींचा आवाज आला, "अहो, फोन ठेवा आणि ही पिशवी धरा."