आवाज वाढव

२५ एप्रिलला मनीने ग्रुपवर पॉली स्टायरीनचा, म्हणजे एक्स-रे स्पेक्स या ब्रिटिश पंक बँडच्या गायिकेचा फोटो टाकला, तोच तो, दातांना तारा आणि तोंडभर हसू, आणि खाली बंड्याने लिहिलं "ही ती हरे कृष्णवाली ना, भजनाला लागलेली". झालं. संध्याकाळी कट्ट्यावर पोचलो तोवर दोघांची जुंपली होती आणि अण्णा मधे बसून दोघांच्याही कटिंगवर ताबा मारून होता.

बंड्या म्हणजे भर उकाड्यात काळा टीशर्ट, आणि बोलायच्या आधी डोळे मिटणार. "पंक म्हणजे नुसतं बंडखोर रॉक म्युझिक नाही, अ‍ॅटिट्यूड आहे," (डोळे मिटून) "एक्स-रे स्पेक्सचा १९७८ ला एक अल्बम, १९७९ ला बँड सोडला आणि मग थेट देवळात. याला लेगसी म्हणतात? खरा पंक मरेपर्यंत पंक असतो."

"तू सात वर्षं एकाच साहेबाला गुड मॉर्निंग घालतोयस," मनी म्हणाली, "सोडायला काय लागतं ते तुला कोण सांगणार."

अण्णाला बाई कोण तेच माहीत नव्हतं, तो म्हणाला स्टायरीन हे आडनाव कुठलं रे, गोव्याकडचं का. तेव्हा मनीने सांगितलं की अरे खरं नाव मॅरियन, बाप सोमाली, आई गोरी, लंडनच्या ब्रिक्स्टनमधे वाढलेली, आणि नाव तिने यलो पेजेसमधून उचललं, पॉलिस्टायरीन, म्हणजे आपला थर्माकोल. वापरा आणि फेका, पॉपस्टारचं तसंच करतात म्हणून. अण्णा जो सुटला, की पुढचा अर्धा तास ती "थर्माकोलताई".

पण मनीने तेच धरलं. आपल्याकडे थर्माकोलच्या ताटांवर बंदी यायला २०१८ उजाडलं, ही पोरगी १९७८ ला प्लॅस्टिक, सुपरमार्केट, जाहिराती, सगळं खोटं चकचकीत जग याच्यावर गात होती, एकवीस वर्षांची. बाकीचे सेफ्टी पिना टोचून राणीला शिव्या घालत होते तेव्हा हिला दिसत होतं की पुढची पन्नास वर्षं आपल्याला काय विकलं जाणार आहे. आणि सुरुवात कशी, तर १९७६ ला एकोणिसाव्या वाढदिवसाला इंग्लंडात हेस्टिंग्जच्या समुद्रधक्क्यावरच्या हॉलात सेक्स पिस्टल्स हा पंक बँड बघितला, हॉल जवळजवळ रिकामा, आणि हिला वाटलं हे तर मीही करू शकते. पेपरात जाहिरात देऊन बँड जमवला. सॅक्सोफोनवर शाळेतली मुलगी, लोरा लॉजिक.

"जिला नंतर हाकलली!" बंड्याने लगेच उडी मारली. "बघ, तुझी देवी पण तसलीच."

"हो, हाकलली," मनी म्हणाली. "चूकच केली. पुढे दोघी हरे कृष्णमधेच भेटल्या आणि १९९५ ला परत एकत्र अल्बम केला. तू मला पंधरा वर्षांत एकदा तरी परत बोलावलंस?"

कट्टा गार.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, कॉलेजच्या गॅदरिंगला आमचा बँड होता, मनी गायची, आणि फायनलच्या चार दिवस आधी बंड्याने तिला काढलं कारण "आवाज चिरका आहे, जरा खाली ठेव सांगितलं तर ऐकत नाही". मी ड्रमवर होतो आणि एक शब्द बोललो नाही. ते मला अजून बोचतं, आणि त्या संध्याकाळी मी पहिल्यांदा तिला तसं सांगितलं. ती फक्त म्हणाली, माहितीये रे.

मग देवळाचा विषय परत आला, कारण बंड्या सोडतोय कसला. पण त्याला हे माहीतच नव्हतं की दौऱ्यात डॉनकास्टरला तिला आकाशात गुलाबी प्रकाश दिसला, हॉस्पिटलात टाकली, स्किझोफ्रेनिया म्हणून शिक्का मारला आणि तो शिक्काच चुकीचा निघाला, होता बायपोलर. त्या अवस्थेत एखादं माणूस जिथे जप आहे, शांतता आहे, अशा जागी गेलं तर त्याला पळून जाणं म्हणायचं? मला विचाराल तर वाचणं म्हणायचं. मुलीची मात्र त्यात ओढाताण झाली, मुलीनेच पुढे आईवर फिल्म केली २०२१ ला, त्यात ती हे लपवत नाही. मनीनेही लपवलं नाही.

"आणि मरेपर्यंतचं म्हणतोस तर ऐक," मनी म्हणाली. "२०११. कॅन्सर मणक्यात पोचलेला. मार्चअखेर इंग्लंडात नवा अल्बम आला, तिने आजारपणातून मुलाखती दिल्या, आणि पुढच्या महिन्यात गेली. त्रेपन्न वर्षांची. आता सांग मरेपर्यंतचं."

बंड्याने डोळे उघडे ठेवून चहा प्यायला.

मग म्हणाला, बरं लाव तिचं ते गाणं, १९७७ चं "ओ बॉन्डेज अप युअर्स", मी नीट ऐकलेलं नाहीये. नीट ऐकलेलं नाहीये! तासभर भांडून! मनीने काही न बोलता फोन कट्ट्यावर ठेवला. आता ज्यांनी ऐकलंय त्यांना ठाऊक आहे, सुरुवातीला ती अगदी लाडिक, बारीक आवाजात बोलते, की काही लोकांना वाटतं लहान मुलींनी दिसावं पण त्यांचा आवाज ऐकू येऊ नये. बंड्या वाकला, कान फोनला लावला आणि वैतागून म्हणाला, "अगं मने, ऐकू येत नाहीये, आवाज वाढव की."

मनीने वाढवला. फुल.

पुढच्या सेकंदाला पॉली जी किंचाळली, त्यात बंड्याची कटिंग उडून अण्णाच्या मांडीवर, अण्णा "थर्माकोलताईऽऽ" करत उभा, आणि मनी इतकी हसत होती की तिला कट्ट्याला धरून बसावं लागलं.