सत्तरी झाली म्हणून जुना विमा सोडू नका

नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला कुडाळला बँकेत गेलो होतो. रांगेत तिघांनी एकच मेसेज दाखवला: "सत्तरी पूर्ण झाली की आयुष्मान वय वंदना कार्डावर ५ लाखांचे उपचार मोफत. विम्याचा हप्ता वाया घालवू नका, पॉलिसी बंद करा. भीती वाटत असेल तर ५ लाखांच्या वरचा स्वस्त टॉप-अप घ्या." त्यातल्या एकांनी हप्ता भरलाच नव्हता. म्हणून हे लिहितोय.

"५ लाख मोफत." केंद्र सरकारचं हे कार्ड जरूर काढा, मीही काढलंय. २९ ऑक्टोबर २०२४ पासून उत्पन्न न बघता ते मिळतं. पण हे ५ लाख वर्षाचे आणि कुटुंबाचे. नवरा-बायको दोघंही सत्तरीपुढची असतील तर दोघांत मिळून तेवढेच. बायको सहासष्टची असेल तर ती यात नाही. दरमहाच्या रक्तदाबाच्या गोळ्याही नाहीत. दाखल झालात तरच उपयोग.

"मग वेगळा विमा कशाला?" कार्ड देशभर चालतं, पण यादीतल्या रुग्णालयात आणि ठरलेल्या उपचारांनाच. आपल्याकडे दुखणं मोठं झालं की गाडी कोल्हापूरला, नाहीतर गोव्यात बांबोळीला निघते. रात्री दोन वाजता फोंडा घाटात यादी कोण तपासत बसणार? खासगी विमा असणाऱ्यालाही हे कार्ड घेता येतं, असं सरकारनेच सांगितलंय. दोन्हींतलं एक निवडायची अट केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या सीजीएचएस किंवा माजी सैनिकांच्या ईसीएचएस या आरोग्य योजनांवाल्यांना आहे. तुम्हाला दोन्ही ठेवता येत असताना एक का टाकायचं?

मेसेजमधला सगळ्यात घातक सल्ला टॉप-अपचा. ५ लाखांवरच्या टॉप-अपमध्ये पहिले ५ लाख विमा कंपनी देत नाही. ते कार्डातून जातील असं मेसेज गृहीत धरतो. रुग्णालय यादीत नसेल तर कार्डातून एक रुपयाही येत नाही, ते ५ लाख तुमच्या मुदतठेवीतून जातात. शिवाय साधा टॉप-अप प्रत्येक आजारपणाचं बिल वेगळं मोजतो. वर्षात ३-३ लाखांची दोन बिलं झाली तर तो शून्य देईल. सुपर टॉप-अप वर्षाचा एकूण खर्च मोजतो, म्हणून १ लाख देईल. घ्यायचाच तर सुपर टॉप-अप घ्या, आणि जुन्या पॉलिसीच्या वर घ्या. ज्यांना मूळ हप्ता झेपतच नाही त्यांनी खालची मर्यादा, म्हणजे कंपनी देत नाही ती सुरुवातीची रक्कम, तेवढीच निवडावी, जेवढे पैसे दोन दिवसांत हातात येतील.

"हप्ता वाया." वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा १८ टक्के जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून गेला. ज्येष्ठांचा हप्ता वर्षात १० टक्क्यांहून जास्त वाढवायचा तर कंपनीला आधी विमा नियामकाशी (आयआरडीएआय) बोलावं लागतं. आधी क्लेम केला म्हणून नूतनीकरण नाकारता येत नाही. नव्या अर्जाला मात्र कंपनी नकार देऊ शकते. आणि बहात्तराव्या वर्षी नवी पॉलिसी मिळालीच, तर जुन्या मधुमेहासाठी ३६ महिन्यांपर्यंत थांबावं लागू शकतं. इतकी वर्षं हप्ते भरून तुम्ही हीच वाट बघणं संपवलेलं असतं.

रांगेतल्या त्या गृहस्थांच्या पॉलिसीची मुदत संपून बारा दिवस झाले होते. वार्षिक हप्त्याला ३० दिवसांची सवलत असते. मधल्या दिवसांतल्या आजाराचे पैसे मिळत नाहीत, पण पॉलिसीची सलगता टिकते. त्यांच्या मुलाला तिथूनच फोन लावला. दाखल्यावर सही होईपर्यंत त्याने पुण्याहून हप्ता भरला होता.