फारोचे ‘गुलाम’ आणि त्यांचा संप

पिरॅमिडच्या फोटोखाली एक मजकूर वर्षानुवर्षं फॉरवर्ड होतोय: फारो, म्हणजे प्राचीन इजिप्तचे राजे, आपली गुप्त थडगी गुलामांकडून चाबकाच्या धाकाने खोदून घेत, आणि जागा फुटू नये म्हणून काम संपताच सगळ्यांना ठार मारत. ताजमहालाच्या कारागिरांचे हात तोडल्याच्या गोष्टीची ही चुलतबहीण.

आधी फोटो. गिझाचे पिरॅमिड इ.स.पू. 2500च्या आसपासचे. कोसभरावरून दिसणाऱ्या थडग्याची जागा गुप्त कसली? डोंगराच्या पोटात लपवलेली थडगी त्यानंतर हजारेक वर्षांनी, आजच्या लक्झरसमोर, नाईलच्या पश्चिमेला राजांच्या दरीत खोदली गेली. खोदणारे आणि रंगवणारे जवळच्याच देर अल-मदिना गावात राहत. तटाच्या आत साधारण 68 घरं.

‘गुलाम’ म्हणाल, तर या लोकांना पगार होता. साध्या कामगाराला महिन्याला 4 पोती खपली गहू आणि दीड पोतं जव. मुकादमाला त्याहून जास्त. पाव आणि बीअर दोन्ही त्यातूनच. पाणी सरकारी खर्चाने गाढवांवरून यायचं, धोबीसुद्धा नेमलेले. आठवडा दहा दिवसांचा, त्यातले शेवटचे दोन सुट्टीचे.

ब्रिटिश म्युझियममध्ये चुनखडीच्या एका मोठ्या चिपेवर दुसरा रामसेस या फारोच्या राजवटीतल्या 40व्या वर्षाची हजेरी आहे. 40 जणांची नावं, काळ्या शाईत खाड्यांच्या तारखा आणि वर लाल शाईत कारण. सेबाला विंचू चावला. कुणाचे डोळे दुखतायत, कुणी भावाच्या प्रेताला मसाले लावतोय, कुणी घरी बीअर गाळतोय. पेंदुआ तर खोन्सूबरोबर पीत बसला होता, हेही बिनदिक्कत नोंदवलंय. चाबूकवाल्या मुकादमाला हे कारण सांगून बघा!

आणि संप. तिसऱ्या रामसेसच्या राजवटीच्या 29व्या वर्षी, म्हणजे इ.स.पू. 1157च्या सुमारास, धान्य थकलं. कामगार चौक्या ओलांडून बाहेर पडले आणि एका देवळामागे ठाण मांडून बसले. आम्ही उपाशी आहोत, कपडा नाही, तेल नाही, मासळी नाही, भाजी नाही, फारोला कळवा, असं त्यांनी अधिकाऱ्यांना सुनावलं. गंमत म्हणजे पोलिसांच्या प्रमुखानेच त्यांना सांगितलं की दारं लावा, बायकापोरांना आणा, मी तुमच्या पुढे चालतो. थकलेलं धान्य मिळालं. पुन्हा थकलं, तसे लोक पुन्हा बसले. हे सगळं इटलीतल्या तुरीनच्या संग्रहालयातल्या पपायरसवर, म्हणजे लव्हाळ्याच्या कागदावर, लिहिलेलं आहे.

मात्र गुलाम इजिप्तमध्ये नव्हतेच, असा उलटा मजकूरही कुणी फिरवू नये. याच गावात धान्य दळायला सरकारने दिलेल्या दासी होत्या आणि त्या दळणाचे दिवस घरोघरी वाटून दिलेले असत.

राहिला ठार मारण्याचा मुद्दा. नवा राजा गादीवर आला की त्याचं थडगं सुरू व्हायचं, आणि तेच लोक कामाला लागायचे. बापानंतर मुलगा, अशा पिढ्यान्‌पिढ्या. मेल्यावर ते गावालगतच्या टेकडीवर स्वतःच्या रंगवलेल्या थडग्यांत पुरले जात. त्यांच्यातल्या सेन्नेजेमचं, कुटुंबासह, 1886मध्ये जसंच्या तसं सापडलं. जागा तर गावातल्या पोरासोरांनाही ठाऊक असणार. नवव्या रामसेसच्या काळात थडगीचोरीची चौकशी झाली, तेव्हा पकडलेल्यांत या गावचेच कामगार होते.