मोकळ्या जागेचा जाच

शेल स्क्रिप्ट, म्हणजे संगणकाला एकामागून एक द्यायच्या हुकमांची यादी, लिहिणं अवघड नसतं. अवघड असतात दिवाणजी.

रावेरला अप्पांच्या केळीच्या पेढीवर लिनक्सचा संगणक आला, तेव्हा ठरलं की गाड्यांच्या वजनाच्या फायली रात्री आपोआप एकत्र होतील आणि सकाळी हिशेब तयार असेल. दिवाणजींनी पहिल्याच फायलीचं नाव ठेवलं, ‘सावदा गाडी फायनल खरी’. आता शेल, म्हणजे हे हुकूम वाचून पाळणारा प्रोग्रॅम. त्याला मोकळी जागा दिसली की त्याच्या लेखी शब्द संपला. त्याने ‘सावदा’ शोधली, नाही. ‘गाडी’ शोधली, नाही. ‘फायनल’ नाही. ‘खरी’ तर नाहीच.

यावर इलाज एकच. डॉलरचं चिन्ह लावून व्हेरिएबल, म्हणजे फाईलचं नाव वगैरे ठेवलेली डबी, जिथे जिथे वापराल, तिथे ते दुहेरी अवतरणात कोंडायचं. एकेरीत नको, एकेरीत डॉलर नुसता डॉलर राहतो. आणि ‘एलएस’ या फायली दाखवणाऱ्या हुकमाची यादी फॉर-लूपला, म्हणजे एकेक फाईल घेत फिरणाऱ्या चक्राला, भरवायची नाही. तिथे सरळ तारा (*) टाकायचा, मग शेल नावं अख्खी उचलतं.

दिवाणजींनाही सुचवून पाहिलं, की मोकळ्या जागेऐवजी खालची रेघ टाका. ते म्हणाले, “भाऊ, वहीत रेघ मारली म्हणजे खातं बंद. चालत्या गाडीला कशी मारू?” पुढे माझ्यावर मेहेरबानी म्हणून त्यांनी महत्त्वाच्या फायलींना सुरुवातीलाच आडवी रेघ लावायला घेतली. आडव्या रेघेने सुरू होणारी गोष्ट ‘आरएम’ या फायली पुसणाऱ्या हुकमाला फाईल वाटत नाही, हुकूम वाटतो. म्हणून नावाआधी दोन रेघा द्यायच्या किंवा टिंब आणि तिरकी रेघ जोडायची. दिवाणजींच्या एका रेघेला माझ्या दोन, असा व्यवहार ठरला.

‘आरएम’चा विषय निघालाच आहे तर सांगतो. फोल्डरचं नाव व्हेरिएबलमध्ये आहे, पुढे तिरकी रेघ आणि तारा आहे, आणि व्हेरिएबल नेमका रिकामा निघाला, तर पुसापुशी थेट मुळापासून सुरू होते. ‘सेट -यू’ लिहिलं की न ठेवलेल्या नावावर शेल ओरडतं. पण नाव ठेवून रिकामं सोडलं असेल तर तेही गप्प. तिथे महिरपी कंसात नावापुढे विसर्गासारखा कोलन आणि प्रश्नचिन्ह लावायचं, म्हणजे रिकामं हाती आलं की स्क्रिप्ट तिथेच थांबते.

खरी पंचाईत अप्पांना समजावताना होते. “काय भो, झालं का?” झालं. “मग बोलत का नाही ते?” युनिक्समध्ये काम नीट झालं की बहुतेक हुकूम काही बोलत नाहीत, मागे शून्य तेवढं ठेवतात. शून्य म्हणजे यश. आयुष्यभर केळीचा धंदा केलेल्या माणसाला हे सांगून बघा. अप्पांनी गल्ल्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

ऑगस्टात वेगळंच झालं. घरात कानबाईच्या रोटांची धावपळ आणि इकडे हिशेब बंद. जुलैपर्यंत बिनतक्रार चाललेली स्क्रिप्ट महिन्याचा आकडा पाहून अडली. बॅशच्या, म्हणजे लिनक्सवरच्या नेहमीच्या शेलच्या, गणितात आकड्याआधी शून्य आलं की तो अष्टमान, म्हणजे आठावर चालणाऱ्या मोजणीतला, धरला जातो, आणि अष्टमानात आठ नि नऊ हे अंकच नाहीत. ०७ चालतो, ०८ अडतो, ०९ अडतो, १० पुन्हा चालतो. म्हणजे हात न लावता नुसतं बसलात तरी हा आजार ऑक्टोबरात आपोआप बरा होतो, आणि गावात मोठा तंत्रज्ञ म्हणून नाव होतं. मला तेवढा धीर नव्हता. आकड्याआधी दहा आणि हॅश लावला, दशमान सक्तीचं केलं.

या शेलचा मूळ साचा स्टीफन बॉर्न यांचा, बेल लॅब्जमधला, १९७९च्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीतला. त्यांना अल्गोल या प्रोग्रॅमिंग भाषेचा लळा, म्हणून तिच्याच रीतीने ‘इफ’ उलटं करून ‘फाय’ने मिटतं आणि ‘केस’ ‘इसॅक’ने. ‘डू’ मात्र उलटं करता येईना, कारण ‘ओडी’ नावाचा हुकूम आधीच होता. नावाची भांडणं बेल लॅब्जमध्येही होती, हे वाचून दिवाणजींवरचा राग जरा उतरला.

हल्ली मी स्क्रिप्ट चालवण्याआधी शेलचेक या चुका दाखवणाऱ्या प्रोग्रॅममधून काढतो. अवतरण राहिलं की ते ‘एससी २०८६’ असा शेरा मारतं. परवा जुनी स्क्रिप्ट तपासली, तर पडदाभर तेच. अप्पा मागे उभे होते. बराच वेळ वाचून म्हणाले, “ही गाडी कोणाची रे? इतक्या खेपा केल्या, भाडं कोणाच्या खात्यावर टाकलं?”